चिखलवाटेची पिकअप आणि कायद्याची चाकोरी

नांदेड/लातूर (विशेष प्रतिनिधी) - मालवाहू पिकअपमध्ये फेरफार करून ती चिखल, ओढे आणि दगडगोट्यांतून चालेल अशी सज्ज करणे हा पुण्या-मुंबईत हौसेचा विषय मानला जातो. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत त्याचे स्वरूप अगदी निराळे आहे. येथे डांबरी सडक सोडून गाडी शिवारात घालणे हा खेळ नसून रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. जादा पाटे, उंच फाळके, खोल नक्षीचे टायर, टपावर दिव्यांची रांग आणि पुढे लोखंडी गार्ड अशा अवतारातील एमएच-२४ आणि एमएच-२६ क्रमांकांच्या पिकअप मुखेड, कंधार, जळकोट, देवणी या तालुक्यांत सहज दृष्टीस पडतात. यातील अनेक फेरफार मोटार वाहन कायद्याच्या चौकटीत बसत नाहीत, काही तर थेट जिवावर बेतणारे आहेत. तरीही ते होत राहतात, कारण ज्या वाटेवरून माल बाहेर काढायचा आहे, ती वाट कारखान्यातून निघालेल्या गाडीला पेलत नाही. वाट गाडीजोगी झाली नाही, म्हणून गाडी वाटेजोगी केली जात आहे. या अदलाबदलीची किंमत नेमकी कोण मोजतो, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

काळ्या मातीचा स्वभाव

लातूर जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. मांजरा, तेरणा, मन्याड या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे-नाले येथील शिवार चिरत जातात. नांदेड जिल्ह्यात गोदावरीकाठची सपाट भारी जमीन आहे, दक्षिणेला मुखेड-कंधारचा डोंगराळ पट्टा आहे आणि उत्तरेला पैनगंगेच्या अंगाला किनवट-माहूरची जंगलाळ टेकाडे आहेत. भूरचना वेगवेगळी असली तरी सखल भागातील माती बहुतांशी एकच, ती म्हणजे बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी कसदार जमीन. पाणी धरून ठेवणारी ही माती पिकाला उपकारक आहे. वाहनाला मात्र तिच्याइतका वाईट शत्रू नाही. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात, उन्हाळ्यात आकसून जमिनीला भेगा पाडतात. पावसाळ्यात ही माती टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि दहा-वीस फुटांत कितीही चांगला टायर गुळगुळीत होऊन जातो. वाफसा आल्याशिवाय ज्या शेतात औत घालता येत नाही, तेथे दोन-अडीच टनांची गाडी कशी जाणार, हा साधा हिशेब आहे.

अडचण अशी, की माल बाहेर काढण्याची वेळ आणि जमीन ओली असण्याची वेळ नेमकी एकत्र येते. या पट्ट्यातील प्रमुख खरीप पीक सोयाबीन. त्याची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. काढलेले सोयाबीन भिजले तर दाणा काळा पडतो, ओलावा वाढतो आणि बाजारात भाव पडतो. लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या व्यवहारांसाठी देशभर ओळखली जाते. परंतु त्या बाजारपेठेपर्यंतच्या प्रवासातील सर्वांत अवघड टप्पा शेवटचा नसून पहिला असतो, म्हणजे खळ्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा एक-दोन किलोमीटरचा. अर्धापूर परिसरातील केळीचेही तेच. घड कापल्यावर ते थांबत नाहीत. बागेतून ते वेळेत बाहेर पडले नाहीत, तर नुकसान ठरलेले.

पूर्वी हा टप्पा बैलगाडी पार करीत असे. बैलजोडी सांभाळणे परवडेनासे झाले आणि ती जागा ट्रॅक्टर व पिकअपने घेतली. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' हे नाव खेडोपाडी रूढ झाले. तत्पूर्वीपासून महिंद्राच्या जीपवंशातील पिकअप येथे होत्याच. ट्रॅक्टर चिखलातून निघतो, पण दूरच्या बाजारपेठेला तो मंद आणि खर्चिक पडतो. पिकअप सडकेवर वेगाने धावते, परंतु शिवारात रुतते. दोन्ही कामे एकाच वाहनाकडून करून घेण्याच्या गरजेतून फेरफारांचा हा सारा व्यवसाय उभा राहिला आहे.

गॅरेजमधील अभियांत्रिकी

ग्रामीण भागातील बहुतांश पिकअपमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांवर जातो. गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका पडतो, चाके पकड सोडतात. गाडी भरली की तीच चाके चिखलात खोल जातात. त्यात साध्या डिफरन्शियलची भर पडते. एक चाक घसरू लागले, की जोर त्याच चाकाकडे वाहून जातो. ते गरगर फिरत राहते आणि कोरड्या जागेवरचे दुसरे चाक गप्प राहते. चारही चाकांना जोर देणारी फोर-बाय-फोर यंत्रणा आणि डिफरन्शियल लॉक हे यावरचे खरे उपाय. ते गॅरेजमध्ये नंतर बसवणे महाग आणि अवघड असते. मग जे जमते ते केले जाते.

सर्वांत प्रचलित फेरफार म्हणजे मागच्या कमानीत जादा पाटे घालणे. त्यामुळे गाडी दोन-तीन इंच उचलली जाते, खालचा भाग दगडाला घासत नाही आणि अधिक वजन पेलल्यासारखे वाटते. परंतु पाटे वाढले म्हणून गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढत नाही. चासी, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक हे सारे मूळ वजनासाठीच बनवलेले असतात. गाडी उंच झाली, की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि ती बांधावरून तिरकी जाताना उलटण्याचा धोका वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर झिजतात.

याहून गंभीर परिणाम सहसा लक्षात येत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. गाडीचा मागचा भाग किती दबला आहे, यावरून तो वजनाचा अंदाज घेतो आणि त्या प्रमाणात मागच्या चाकांना ब्रेक देतो. पाटे वाढवून मागचा भाग कायमचा उचलला, की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. शिवारात दहाच्या वेगाने हे कळत नाही. कळते ते हमरस्त्यावर, उतारावर, गाडी भरलेली असताना.

टायरची कथाही अशीच आहे. मोठ्या व्यासाच्या, खोल नक्षीच्या टायरमुळे जमिनीपासूनची उंची आणि पकड दोन्ही वाढतात. पण समजा मूळ टायर २८ इंची होता आणि ३१ इंची बसवला, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापते. वेगमापक ६० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६६ च्या पुढे असतो. इंजिनाला तेच चाक फिरवण्यासाठी अधिक जोर लागतो, क्लच लवकर जातो आणि ब्रेकवरही ताण येतो. शिवाय चिखलासाठी केलेली खोल नक्षी ओल्या डांबरावर तितकी पकड देत नाही.

वस्तुतः चिखलातून निघण्याची काही साधने स्वस्त आणि निरुपद्रवी आहेत. गाडीत फावडे आणि दोन मजबूत फळ्या ठेवणे, टायरमधील हवा थोडी कमी करून त्याचा जमिनीवरचा पसारा वाढवणे आणि सडकेला लागण्यापूर्वी छोट्या पंपाने ती पुन्हा भरणे, चासीला पक्का बसवलेला ओढण्याचा हूक असणे, या गोष्टींनी बहुतेक वेळा काम भागते. त्यांचा प्रसार नगण्य आहे. त्याऐवजी ट्रॅक्टर बोलावून बंपरला साखळी बांधून टोचन करण्याचा प्रघात आहे. ताणलेली साखळी किंवा वायररोप तुटला, की त्याचे टोक गोळीसारखे मागे येते. म्हणून अशा वेळी दोरावर जड पोते टाकावे आणि बघ्यांना दूर ठेवावे. हा साधा नियम हौशी चालकांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवला जातो, शिवारात तो सांगायला कोणी नसते.

पाण्याचे वजन

दुष्काळी वर्षांत या गाड्यांना आणखी एक रूप मिळते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ लातूर शहरावर आली आणि देशभर त्याची चर्चा झाली. रेल्वेचे पाणी शहरापुरते होते. गावोगावी, वस्त्यांवर आणि फळबागांना पाणी पोचवले ते टँकरनी आणि हौद्यात प्लास्टिकची टाकी बसवलेल्या लहान वाहनांनी. पाण्याचे गणित सरळ आहे. एक लिटरचे वजन एक किलो. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, शिवाय टाकीचे व चौकटीचे वजन वेगळे. प्रचलित पिकअपची अधिकृत वहनक्षमता साधारण सव्वा ते दोन टन असते. म्हणजे पाणी भरताक्षणी अनेक गाड्या मर्यादा ओलांडतात.

त्याहून धोकादायक असते ती अर्धी भरलेली टाकी. आत आडव्या पडद्या नसतील, तर चढ-उतारावर आणि वळणावर पाण्याचा लोंढा एका बाजूला धावतो आणि गाडीचा तोल घेऊन जातो. कायदेशीर टँकरमध्ये आतून कप्पे असतात ते याचसाठी. दोरीने बांधलेल्या घरगुती टाकीत ते नसतात. पाट्यांनी उंचावलेली गाडी, हौद्यात हलणारे पाणी आणि मुरूम वाहून गेलेला उतार हे तिन्ही एकत्र आले, की चालकाच्या कौशल्याला फारसा वाव उरत नाही.

हौद्यातील माणसे

फेरफारांच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते माणसांविषयी. हौद्याला उभे कठडे जोडायचे, आत आडव्या फळ्या टाकायच्या, वर ताडपत्री ताणायची, एवढ्याने मालवाहू गाडी माणसे वाहू लागते. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेचे भाविक, ऊसतोडणीला निघालेली कुटुंबे आणि रोज सकाळी दुसऱ्या गावच्या शिवारात निंदणी-काढणीला जाणाऱ्या मजूर स्त्रिया यांची वाहतूक अशीच होते. एसटी मुख्य रस्त्यावरून जाते, शेतापर्यंत जात नाही. शेतमालकाला मजूर वेळेत हवे असतात. म्हणून जे वाहन हाताशी असेल, त्यात ते भरले जातात.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा बळी गेला. त्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या होत्या. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप चढावरून मागे येऊन दरीत कोसळली आणि किमान दहा जणींचा मृत्यू झाला. एक ट्रॅक्टर, एक पिकअप. एक सपाट शिवार, एक घाट. दोन्हींत समान धागा एकच, तो म्हणजे माल वाहण्यासाठी बनवलेल्या साधनात माणसे बसवली गेली होती.

अपघातानंतर आणखी एक संकट येते, ते विम्याचे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनातील मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु 'न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध आशा राणी' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिलेल्या निकालानुसार, मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. पुढे काही प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले आहे, तरी मूळ तत्त्व कायम आहे. म्हणजे मजूर स्त्रीचा जीव जातो, तिच्या घरच्यांना भरपाईसाठी न्यायालयात झगडावे लागते आणि एका गाडीवर पोट असलेला मालकही कर्जात बुडतो. फेरफाराचा नफा झाला असेल तर तो दोन-चार फेऱ्यांचा. तोटा मात्र दोन कुटुंबांच्या पुढच्या पिढीपर्यंत पोचतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ याबाबत निःसंदिग्ध आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. वाहनाचा नमुना कसोट्यांतून पार पडल्यावरच त्याला मान्यता मिळते, त्यामुळे त्याच्या मूलभूत रचनेत नंतर हात घालता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. रंगासारखे किरकोळ बदल त्यातून वगळले गेले.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड याच दुरुस्तीने आला. पुढच्या लोखंडी गार्डबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. धडकेचा आघात असा गार्ड शोषून घेत नाही, तो थेट चासीकडे पोचवतो आणि समोरच्या पादचाऱ्याला अधिक जबर इजा करतो, ही त्यामागची भूमिका. टपावरील प्रखर दिव्यांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १११ वा नियम स्पॉटलाइट व सर्चलाइटला मनाई करतो. मात्र अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने ते लावण्याची मुभाही तोच देतो. ही मुभा मागण्याची कल्पना किती मालकांना असेल, याविषयी शंकाच आहे.

कायदा कडक आहे, परंतु त्याची गाठ गाडीशी पडते ती प्रामुख्याने दोनच ठिकाणी. एक, हमरस्त्यावरील तपासणीत आणि दुसरे, योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी, म्हणजे बोलीभाषेतील 'पासिंग'ला. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी दिवे, गार्ड, फळ्या उतरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायच्या, ही पद्धत सर्वश्रुत आहे. जे उतरवता येत नाही, ते म्हणजे वाढवलेले पाटे आणि वाढलेली उंची. तेच नेमके ब्रेक आणि तोल बिघडवणारे असतात आणि वरवरच्या तपासणीत तेच नजरेतून सुटण्याची शक्यता अधिक. दंडाच्या पावत्या टपावरच्या दिव्यांसाठी फाटाव्यात आणि बिघडलेला ब्रेक तसाच धावत राहावा, हा उलटा न्याय होय.

पूर आल्यावर काय?

सज्ज वाहनाची गरज शेतकऱ्यालाच असते असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसदृश पाऊस झाला. लेंडी धरण परिसरातील गावांना पाण्याने वेढले, हसनाळसारख्या गावात जीवितहानी झाली आणि बचावासाठी लष्कराची तुकडी बोलवावी लागली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांना अतिवृष्टीने झोडपले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा राज्यातील तळ पुण्याजवळ तळेगावला आहे, राज्य दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला. लातूर-नांदेडपर्यंत पोचायला त्यांना कित्येक तास लागतात. मधल्या काळात गावकऱ्यांना बाहेर काढतात ती गावातलीच माणसे, ट्रॅक्टर आणि पिकअप.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. इंजिनाला उंचावरून हवा देणारी स्नॉर्कलची नळी बसवली, की गाडी पुरातून जाऊ शकते, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. स्नॉर्कल एवढेच करते, की पाणी इंजिनात शिरून कनेक्टिंग रॉड वाकण्याची शक्यता कमी होते. चाकांची पकड त्याने तसूभरही वाढत नाही. वाहते पाणी एक फूट असले तरी लहान गाडी हलू शकते आणि दोन फुटांच्या प्रवाहात बहुतेक वाहने वाहून जातात, असा इशारा अमेरिकेची हवामान सेवा देत असते. पाण्याखालचा नळकांडी पूल शाबूत आहे की खचला, हे वरून दिसत नाही. दरवर्षी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालून जीव गमावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बऱ्याचदा गाडीवरचा हा नको तितका भरवसा असतो.

त्याऐवजी पूरप्रवण तालुक्यांच्या ठिकाणी शासनाने फोर-बाय-फोर पिकअप ठेवावी, तिच्यात विंच, दोर, लाइफ जॅकेट, करवत, जनरेटर आणि शोधदिवे असावेत, चालकाला प्रशिक्षण असावे, ही अवाजवी अपेक्षा म्हणता येणार नाही.

कारखान्याची गाडी आणि परवडणारी गाडी

फोर-बाय-फोर पिकअप भारतात मिळत नाही असे नाही. महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा यांच्या अशा आवृत्त्या कंपन्यांनी बाजारात आणल्या. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. यातील शेवटच्या दोन गाड्या मुख्यतः शहरी हौशी ग्राहकांसमोर ठेवल्या गेल्या. साधी मालवाहू पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात मिळते, तर हायलक्सची किंमत तीस लाखांच्या आसपास जाते. ज्याला रोज चिखलातून जावे लागते त्याला ही गाडी परवडत नाही आणि ज्याला परवडते त्याचा बहुतेक प्रवास डांबरावरून होतो, हा यातील विरोधाभास आहे.

परदेशांत यावर मधला मार्ग काढलेला दिसतो. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांच्या पिकअप, ज्यांना तेथे 'यूट' म्हणतात, मोठ्या संख्येने आहेत. तेथे ठरावीक मर्यादेपर्यंतचे बदल मालक करू शकतो. त्यापुढील बदल मान्यताप्राप्त अभियंत्याने तपासून प्रमाणित करावे लागतात. जर्मनीत तांत्रिक तपासणी संस्थेच्या मंजुरीने बदलाची नोंद कागदपत्रांत होते. भारतातही ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. वाहनाला नंतर बसवण्याच्या सीएनजी संचाला आधी चाचणी संस्थेची मान्यता घ्यावी लागते आणि बसवल्यावर नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद होते. अशा चाचण्या करणारी 'एआरएआय' ही संस्था पुण्यातच आहे. ओढण्याचा हूक, विंच, चासीखालची संरक्षक पत्री, टाकीसाठी कप्प्यांची चौकट अशा साहित्यालाही हीच वाट खुली करता येईल. मान्यताप्राप्त संच, प्रशिक्षित गॅरेज आणि कागदोपत्री नोंद अशी साखळी तयार झाली, तर शेतकरी लपूनछपून फेरफार करणार नाही आणि तपासणाऱ्यालाही नेमके काय शोधायचे ते कळेल.

मूळ प्रश्न पाणंदीचा

मात्र गाडी कितीही सज्ज केली, तरी मुळातला प्रश्न गाडीचा नाही, हे विसरून चालणार नाही. शेतात जाण्याचा रस्ता हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून रस्ता देण्याचा आणि १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. परंतु आदेश आणि अंमल यांत अंतर राहते. पिढीगणिक वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले, बांध सरकत गेले आणि नकाशावरची पाणंद प्रत्यक्षात एका गाडीच्या चाकोरीपुरती उरली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आणली. रोजगार हमी योजनेच्या निधीची सांगड घालून पाणंद रस्ते बारमाही करावेत, हा तिचा उद्देश. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्याची रुंदी किमान तीन ते चार मीटर असावी आणि त्याची नोंद सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असे धोरण स्वीकारले. यंत्रांचा वापर वाढल्याने जुनी अरुंद वाट पुरत नाही, ही त्यामागची कबुली महत्त्वाची आहे. शासनाने एकदा मान्य केले, की शेतात आता गाडी जाते. तर मग ती सुरक्षितपणे जाईल याची जबाबदारीही ओघाने येतेच.

काळ्या मातीत रस्ता टिकवण्याचे तंत्रही गुपित नाही. वरची फुगणारी माती काढून खाली मुरमाचा थर देणे, रस्ता शेताच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे, दोन्ही बाजूंनी चर काढून पाण्याला वाट देणे आणि ओढ्यावर पुरेशा व्यासाची नळकांडी टाकणे, एवढे केले तर साधी पिकअपही सोयाबीन घेऊन बाहेर पडू शकते. चर न काढता काळ्या मातीवरच मुरूम पसरला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो खाली बसतो आणि चाकोरी पुन्हा उघडी पडते. काम झाले की नाही, हे उन्हाळ्यातील छायाचित्रावरून ठरते. खरे तर ते ऑक्टोबरमधील भरलेल्या गाडीने ठरवायला हवे.

प्राधान्य कशाला?

या सर्वांचा विचार करता कारवाईचा आणि सुधारणेचा क्रम लावण्याची गरज आहे. हौद्यात माणसे बसवण्यासाठी केलेला फेरफार आणि ब्रेक-तोल बिघडवणारी उंचवाढ यांना अजिबात सवलत असता कामा नये. परंतु मजुरांना शेतापर्यंत नेणारी सुरक्षित प्रवासी वाहतूक उभी राहिल्याशिवाय नुसत्या दंडाने हौदे रिकामे होणार नाहीत. गर्दीच्या हंगामात सकाळ-संध्याकाळी परवानाधारक प्रवासी वाहनांच्या फेऱ्यांना प्रोत्साहन देणे, हा त्यातील एक व्यवहार्य उपाय ठरू शकतो. निरुपद्रवी आणि उपयुक्त साहित्यासाठी मान्यतेची सरळ वाट हवी. पासिंगच्या तपासणीत दिव्यांपेक्षा पाटे, ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि टायरचा आकार यांना अधिक महत्त्व मिळायला हवे. आणि पाणंद रस्त्यांच्या योजनेत प्राधान्य लोकप्रतिनिधीच्या शिफारशीने न ठरता, कोणत्या शिवारातून किती माल ओल्या दिवसांत बाहेर पडतो यावरून ठरायला हवे.

आजची व्यवस्था नेमकी उलट आहे. रस्ता करण्याची जबाबदारी ज्यांची होती, ते मोकळे आहेत. गाडी बदलणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने दोषी आहे. आणि त्या गाडीच्या हौद्यात कठड्याला धरून उभी असलेली मजूर स्त्री ना रस्त्याच्या योजनेत मोजली जाते, ना गाडीच्या विम्यात. पुढच्या सोयाबीनच्या हंगामात पुन्हा पाटे वाढतील, पुन्हा फळ्या टाकल्या जातील. त्याआधीचा उन्हाळा शासनाच्या हाती आहे. मुरूम आणि चर यांची कामे होतात ती याच दिवसांत.